ताईंचं कार्ड कुठे आहे?

मी एक जुनं हजेरीचं घड्याळ आहे. मित्रांनो, माझ्या पोटात कार्ड सरकवलं की 'खटक्' आवाज होतो आणि आल्यागेल्याची वेळ त्यावर उमटते. एकोणीस वर्षं मी हेच काम केलं आणि त्याचा मला भलता तोरा होता. दोन महिन्यांपूर्वी तो तोरा असा काही उतरला, की मी अजून त्या धक्क्यातून सावरलेलो नाही.

माझा जन्म घड्याळांच्या एका कारखान्यात झाला. तिथे तीन दिवस मला तपासून पाहिलं आणि मग पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका लहान कारखान्याच्या मालकांनी मला विकत घेतलं. दाराजवळच्या भिंतीवर मला टांगलं आणि शेजारी कार्डं ठेवायची लाकडी फळी ठोकली. तेव्हा कामगार होते सहा. कचेरीचं काम मालकांची थोरली बहीण बघायची. तिला सगळेच ताई म्हणायचे, म्हणून मीही ताईच म्हणतो.

ताई सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडायच्या आणि ओल्या फडक्याने माझी काच पुसायच्या. महिना संपला की कार्डं काढून त्यावरून पगार करायच्या. कुणाची रजा, कुणाचा जादा वेळ, कुणाचा भविष्य निर्वाह निधी किती कापायचा, सगळं त्यांच्या बोटांवर. "घड्याळ आणि ताई, दोघं चुकायची नाहीत," असं खळ लावणाऱ्या मावशी म्हणायच्या. मी फुशारून जायचो.

पुढे सहाचे बावीस कामगार झाले. नियम दर सहा महिन्यांनी बदलू लागले. ताई शनिवारी कार्डं घरी न्यायच्या आणि सोमवारी लाल डोळ्यांनी परत आणायच्या. एकदा त्या मालकांना म्हणाल्या, "अरे, पगाराचं काम करून देणाऱ्या कंपन्या असतात. आता बाहेर देऊया. मला झेपत नाही."

मालक हसले. "बाहेर कशाला पैसे घालायचे, ताई? आपल्याकडे फुकटात होतंय की."

हे बोलणं दर वर्षी एकदा तरी व्हायचं. मलाही मालकांचंच म्हणणं पटायचं. कार्डं बाहेर गेली तर माझा मान जाईल, अशी मला भीती होती.

मग तो मंगळवार आला. पुठ्ठा कापणाऱ्या कटरवाल्याच्या रजेचा हिशेब जुळत नव्हता. जुनी कार्डं माळ्यावरच्या खोक्यात होती. ताई स्टुलावर चढल्या, खोकं ओढलं आणि खोक्यासकट खाली आल्या. फरशीवर कार्डंच कार्डं झाली. त्यांचा उजवा हात मनगटापाशी भलताच वाकडा दिसत होता. मी एवढा हादरलो, की माझा काटा थांबला असता तरी मला कळलं नसतं.

मावशी आणि कटरवाला त्यांना दवाखान्यात घेऊन गेले. मालकांनी लगेच विमा कंपनीला फोन लावला. कामावर अपघात झाला तर खर्च मिळावा म्हणून सगळ्यांचा विमा ताईंनीच उतरवला होता, एकेक अर्ज स्वतः भरून.

"हो, कामावरच पडली. शस्त्रक्रिया करावी लागेल म्हणतात," मालक सांगत होते. "कामगार क्रमांक? थांबा हं, बघून सांगतो."

ते माझ्याकडे आले. फळीवरच्या कार्डांवरून त्यांनी बोट फिरवलं. शेवटपर्यंत गेले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. बावीस कार्डं होती. ताईंचं कार्ड नव्हतं.

फोनमधून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होतं. मालकांनी फोन ठेवून दिला. मित्रांनो, तेव्हा कुठे माझ्याही लक्षात आलं. एकोणीस वर्षं रोज सकाळी जे माणूस माझ्यासमोर उभं राहिलं, त्याची एकही वेळ माझ्याकडे नव्हती. ताईंना पगार नव्हता, रजा नव्हती, निधी नव्हता, विमा नव्हता. घरखर्चाला त्या भावाकडे मागून घ्यायच्या. मला स्वतःची लाज वाटली.

शस्त्रक्रियेचा खर्च मालकांनी खिशातून भरला. चार दिवसांनी पगार करायला ते स्वतः बसले आणि घोळ करून ठेवला. मावशींचे आठ दिवसच गळले. शेवटी पगाराचं काम करणाऱ्या कंपनीतल्या एका बाई आल्या. ताईही आल्या, हात प्लास्टरमध्ये.

कामगारांचे कान तिकडेच होते. "काम बाहेर गेलं की ताईंना घरी बसवणार," कटरवाला पुटपुटला. मलाही तेच वाटत होतं.

"या कामाला आत्ता किती वेळ लागतो?" बाईंनी विचारलं.

"दोन-तीन तास," मालक म्हणाले.

"पाच दिवस," ताई म्हणाल्या. "रविवार धरून."

"आणि खर्च?"

"काहीच नाही," मालक म्हणाले.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग आमचे पैसे तुम्हाला महाग वाटणारच. हे काम बाहेर कधी द्यायचं, ते कामगार मोजून ठरवू नका, साहेब. हे काम करणारं माणूस महिनाभर आलं नाही तर पगार होतो का, ते बघा."

मालकांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "यादीत तेविसावं नाव घाला. ताईचं. पगार दर महिन्याला तिच्या खात्यात. कचेरी तीच बघेल."

"रुजू झाल्याची तारीख?"

"आजची."

"आजची का?" ताईंनी शांतपणे विचारलं. "मी आज आले का?"

 बाई म्हणाल्या, "मागची तारीख घातली तर मागचं सगळं भरावं लागेल. एकोणीस वर्षांचं." नव्या टेम्पोसाठी ठेवलेली रक्कम त्यात जाणार, हे मालकांना लगेच कळलं असणार. त्यांनी अर्ज आपल्याकडे ओढला.

"ताई," शेवटी ते म्हणाले, "तू कुठल्या दिवशी आलीस गं?"

त्यांना ते माहीतच नव्हतं. बाविसांच्या तारखा तोंडपाठ असलेल्या ताईंनी आपली तारीख सांगितली, आणि सांगताना त्या पहिल्यांदाच रडल्या. मालकांनी ती स्वतःच्या हाताने अर्जावर लिहिली.

टेम्पो आला नाही. माझ्या जागी बोट टेकवायचं नवं यंत्र आलं आणि मी माळ्यावर गेलो. त्याचं मला दुःख आहे, खोटं कशाला सांगू? पण मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं काम फुकटात होत असेल. ते कोण करतं ते पाहा, आणि त्या माणसाला आजच विचारा, तू हे कधीपासून करतोस? उत्तर ऐकून तुम्हालाही धक्का बसेल. बसू द्या.