घरावरची काडी

नवरा-बायको वेगळी व्हायची, तर आमच्या वारेगावात भटजी लागत नसे की वकील. जातीची बैठक देवळात बसायची, नवऱ्याने आपल्या घराच्या छपरातून ओढून आणलेली गवताची काडी सगळ्यांसमोर मोडायची आणि अर्धा तुकडा बायकोच्या हातात द्यायचा. तिने तो मागे न बघता खांद्यावरून टाकला की संपलं. मग काडीचाही संबंध उरत नसे. बाई दुसरा पाट लावायला मोकळी.

सगुणाला ही काडी हवी होती. तिचा नवरा भिकाजी बोटीवर खलाशी. लग्नानंतर दोन पावसाळे घरी राहिला असेल नसेल, मग मुंबईला गेला तो शिमग्यापुरता पाहुणा झाला. तिथे गुणवंती नावाच्या बाईशी त्याने घर मांडल्याचं गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथे सगुणा शेत करी, गाय बघी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूचं, येसूबाईचं, हगणंमुतणं काढी. दर वैशाखात छपरावर चढून भाताच्या पेंढ्याने घर शाकारायची तीही तीच. भिकाजी आला की ओटीवर बसून विड्या ओढी, इकडची काडी तिकडे करत नसे.

खाडीवर होडी घालणारा लवू विधुर होता. चोरून बघणाऱ्यांतला नव्हता. त्याने सरळ विचारलं, "काडी मोडून घे गो. मी पाट लावतो तुज्याशी." त्या दिवशी सगुणाने सासूला भरवताना पेज दोनदा सांडली.

पण त्याआधीच तिच्या हातून एक गोष्ट होऊन गेली होती. आदल्या उन्हाळ्यात भिकाजीने मंगळुरी कौलं पाठवली होती. वाडीतलं पहिलं कौलारू घर! नवऱ्याने आपली आठवण ठेवली असं त्या वेडीला वाटलं. बंदरावरून गाड्या आल्या तेव्हा मजुरांच्या बरोबरीने तिने कौलं डोक्यावरून वाहिली. जुना पेंढा उतरवला, रोपाच्या वाफ्यावर पसरला आणि भाजून टाकला. पार शेवटच्या काडीपर्यंत. पुढे कधी ती काडी मागायची वेळ येईल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

सत्तावीस सालच्या शिमग्यात तिने बैठक बोलावली. बाईने काडीमोड मागायची म्हणजे बोभाटा. सगळं गाव जमलं. बैठकीचे मुख्य आप्पा. देवळात नवी गॅसबत्ती टांगलेली होती, ती त्याच वर्षी भिकाजीने मुंबईहून आणून दिली होती.

भिकाजीला बायको नको होती, पण आईचं करणारी आणि शेत राखणारी फुकटची बाई हवी होती. तो गालात हसला आणि म्हणाला, "माजी ना नाय. पण रीत काय हाय? घरावरची काडी. माज्या घरावर काडी दाखवा, आत्ता मोडतो."

माणसं हसली. आप्पा हसले नाहीत, पण त्यांनी मान डोलावली, आणि सगुणाला ते हसण्यापेक्षा जास्त लागलं.

"गोठ्यावर पेंढा हाय की," ती म्हणाली. "तो पण मीच घातलाय."

"गोठा म्हंजे घर न्हवे," आप्पा म्हणाले. "तुला काडी मोडायची ती दादल्याशी, गायीशी न्हवे. रीत ती रीत, बाय."

तिने पदर पसरला, आप्पांच्या पायाशी बसली. मग मात्र उठली आणि घरी गेली. सासूने विचारलं, "काय झालं गो?" सगुणा म्हणाली, "तुमच्या ल्योकाने कौलं चांगली घातल्यान, आये."

लवू दोन शिमगे थांबला. तिसऱ्या वर्षी त्याने केळशीची बायको आणली. त्याचा तिला राग आला नाही, हे खोटं आहे. फार आला. खाडी ओलांडायची तर ती वाकडी वाट करून दुसऱ्याच्या होडीने जाई. भिकाजीचा राग तर तिच्या अंगात भाकरीसारखा रोज ताजा होई, आणि त्याच अंगाने ती त्याच्या आईला उचलून कुशीवर वळवी. हाडांची काडं झाली सगुणाची.

येसूबाई पुढे दहा पावसाळे जगली. ती गेली, दिवसकार्य झालं आणि भिकाजी बोट सोडून कायमचा गावी आला. बरोबर गुणवंती आणि दोन मुलगे. कौलारू घरात आता सगुणाला जागा नव्हती. त्याने स्वतः बैठक बोलावली.

देवळासमोर कुणाची तरी बैलगाडी सोडलेली होती, बैलांपुढे पेंढा टाकलेला. भिकाजी पायऱ्या उतरला, बैलाच्या तोंडापुढून एक काडी उचलली, वर आला आणि मोडली. इतकं सोपं होतं ते.

सगुणाने अर्धा तुकडा हातात घेतला. टाकला नाही.

"आप्पा," ती म्हणाली, "ही खंयच्या घरावरची?"

आप्पांनी पानाची चंची सोडली, सुपारी शोधली. "अगो, आता काय त्याचं," ते म्हणाले. "काडी ती काडी. मोकळी झालीस ना? जा."

मोकळी! आता कुणासाठी? खाडीवर लवूचा मुलगा वल्हं धरायला शिकला होता. सगुणाच्या कपाळाशी केस पिकले होते. ज्या काडीसाठी तिने पदर पसरला होता ती बैलाच्या लाळेने ओली होती. तिला रडू आलं, आणि ते दिसलं तरी चालेल असं तिला वाटलं.

ती पुढे गेली. आप्पांच्या उघड्या चंचीत, पानांवर, तिने तो तुकडा ठेवला.

"ही नीट जपून ठेवा, आप्पा. पुन्ना एखादी बाई मागायला आली, की तुमाला काडी गावत नाय."