बंद पंपाचा अलार्म

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या नियंत्रण कक्षात एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीत ऑपरेटर होता. दोघांपैकी चाकं फक्त खुर्चीला होती. पूर्वी दिवसपाळीला दोन ऑपरेटर असत. एक निवृत्त झाला आणि त्याची जागा भरण्याचा विषय वरच्या कार्यालयात विचाराधीन झाला. विचार खोल असावा, कारण तो अजून चालू होता. दरम्यान आठ तासांची पाळी बारा तासांची झाली आणि ऑपरेटरचा कमरेचा पट्टा शेवटच्या भोकावर आला.

समोर पडदे, पडद्यांवर टाक्या, झडपा आणि पंप. कुठे काही बिघडलं की अलार्म वाजे आणि लाल चौकोन लुकलुकू लागे. मग बटण दाबायचं. दाबलं की आवाज थांबतो, लुकलुकणं थांबतं. लाल मात्र लालच राहतं. बटणाचा अर्थ एवढाच, की बिघाड पाहिला. दुरुस्त करायला कोणीतरी उठून जावं लागतं. पण दिवसभर इतके अलार्म वाजत, आणि त्यातले इतके बिनकामाचे असत, की ऑपरेटरचं बोट डोळ्यांच्या आधी बटणावर पोचायचं. हे बोट संध्याकाळी त्याच्यासोबत घरीही यायचं. बायको काही सांगू लागली की पहिल्याच वाक्याला तो "हो" म्हणायचा, आणि आवाज थांबायचा.

ताईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हाही तो "हो" म्हणाला.

ताई थोरली. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं, म्हणजे अंघोळ घातली, पाढे घोकून घेतले आणि दोन्हीच्या वेळी मारलं. पन्नाशीतल्या त्या अवाढव्य माणसाला ती अजून बाळ्या म्हणायची. तपासण्या झाल्या. बाळ्याची किडनी तिला जुळली. नातेवाईक गहिवरले. डॉक्टर गहिवरले नाहीत.

"वजन बघा तुमचं. साखर काठावर आहे. अशा माणसाची किडनी मी काढणार नाही. एकाला वाचवायला दुसरा आजारी पाडायचा, हे माझ्या धंद्यात बसत नाही," ते म्हणाले. "नीट जेवा, रोज चाला. महिन्याने या."

"आणि नाहीच जमलं तर?" ताईने विचारलं.

"तर तुमचं नाव प्रतीक्षा यादीत. तिथे वर्षं जातात. तुमच्या हृदयाकडे तेवढी वर्षं दिसत नाहीत मला."

घरी परतताना सगळ्यांचं एकमत होतं, की आता बाळ्याला वेगळं काही सांगायलाच नको. बहिणीचा जीव! यापेक्षा मोठी प्रेरणा कोणती? बाळ्यालाही ते पटलं. तो प्रेरणेची वाट बघू लागला. सकाळी दात घासताना आरशात बघायचा, आली का म्हणून. आरशात दात घासणारा माणूस दिसायचा. ताईवर त्याचं प्रेम होतं, हे त्याला ठाऊक होतं, जसं आपल्या शहराची लोकसंख्या ठाऊक असते तसं. आत काही हलत नव्हतं.

बायकोने डबा सुरू केला. उकडलेल्या भाज्या, काकडी, अंडी. मोबाइलमध्ये अलार्म लावून दिला, त्यावर लिहिलं, 'उठा, चाला, ताई'.

"वाजला का?" संध्याकाळी तिने विचारलं.

"वाजला."

"मग?"

"दाबला."

"आणि डबा?"

डबा तसाच होता. पडद्यावरची नजर न काढता काकडी सोलता येत नाही. वेफर्सचं पाकीट मात्र एका हाताने उघडतं, आणि पाकिटांचं मशीन कक्षाच्या दाराबाहेरच होतं. तिथवर मात्र तो न चुकता चालत जाई.

बायको रडली नाही. तिने केंद्रातल्या मीटरवाल्या बाईंना फोन केला. केंद्रातली मोजणारी सगळी यंत्रं या बाई सांभाळायच्या, आणि माणसंही यंत्रंच आहेत, फक्त त्यांची माहितीपुस्तिका हरवली आहे, असं त्यांचं मत होतं.

"तुम्हाला उत्साह येईपर्यंत थांबलो तर ताई राहायच्या नाहीत," बाई ऑपरेटरला म्हणाल्या. "आपल्याकडे गॅसगळतीचा अलार्म कसा असतो? इथून बंद होतो का?"

"नाही. जागेवर जाऊन करावा लागतो."

"झालं तर मग."

आवाराच्या पार टोकाला, टाक्यांच्या पलीकडे, एक जुना पंप कायमचा बंद पडला होता. बाईंनी त्याच्या नावाने एक अलार्म बसवला. दुपारी जेवणाच्या वेळी तो वाजणार, इथेही आणि तिथेही, आणि बंद करायचं बटण फक्त तिथे, पंपघराच्या भिंतीवर. सकाळी येताना डबा स्कूटरवरून तिथे नेऊन ठेवायचा, संध्याकाळी तसाच आणायचा. खुर्ची रिकामी ठेवायची नाही हा नियम होता. तेव्हा अलार्म वाजला की शिफ्टप्रमुख शेजारच्या केबिनमधून येऊन खुर्चीत बसणार. शिफ्टप्रमुखांनी परवानगी दिली. लेखी मागू नका, एवढंच म्हणाले.

पहिल्या आठवड्यात ऑपरेटर चालला. अलार्म सहन होईना म्हणून चालला. टाक्यांच्या कडेने जाताना धाप लागे, पाणी हिरवट दिसे, ऊन टाळूवर बसे. चालल्याने मन प्रसन्न होतं असं ऐकलं होतं. मनाने काही कळवलं नाही. पंपघरात बसून तो काकडी खाई. काकडीची चव काकडीसारखी होती.

दुसऱ्या आठवड्यात जावई रजेवरून परत आला. जावई म्हणजे केंद्रातला फिटर. रोज कडक इस्त्रीचे कपडे घालून, सासुरवाडीला निघाल्यासारखा यायचा, म्हणून हे नाव. त्याचं काम टाक्यांच्याच बाजूला असे. तिथल्या लोकांची जुनी रीत होती, की जागेवरचा अलार्म जो जवळ असेल त्याने बंद करायचा, खुर्चीतल्या माणसाला उठवायचं नाही. खुर्चीतला उठला आणि तेवढ्यात काही फुटलं तर? जावयाला नव्या व्यवस्थेचं कोणी सांगितलं नव्हतं. त्याने अलार्म ऐकला, हातातलं काम टाकलं, इमानदारीत चालत गेला आणि बंद करून आला.

इकडे ऑपरेटर खुर्चीतून अर्धा उठला होता. अलार्म थांबला. तो बसला. शिफ्टप्रमुख दारापर्यंत येऊन परत गेले.

रोज असंच होऊ लागलं. अलार्म का थांबतो, हे ऑपरेटरने कोणालाही विचारलं नाही. आवाज थांबला की विषय संपला, ही वीस वर्षांची सवय. संध्याकाळी पंपघरातून डबा उचलताना तो रिकामा लागे. तेही त्याने विचारलं नाही. घरी रिकामा डबा बघून बायको खूश होई. तिची खुशीही तो "हो" म्हणून घेई.

महिना झाला. ताई वजनकाट्याशेजारी उभी होती. काटा पूर्वीच्या जागेवरून थोडा पुढे गेला.

"वाढलंय," डॉक्टर म्हणाले. "थट्टा चालली आहे का? आणखी दोन महिने देतो, ते शेवटचे. मग मी यादीत नाव घालून मोकळा."

ताईने रिक्षा बोलावली. तिच्या घरी पोचल्यावर तिने चपला काढल्या, सुजलेले पाय स्टुलावर ठेवले आणि मग म्हणाली, "बाळ्या, द्यायची नसेल तर तसं सांग. मी लोकांना सांगेन की जुळली नाही. तुझ्यावर काही येणार नाही."

"द्यायची आहे."

"मग घोडं अडलंय कुठे?"

त्याने सगळं सांगितलं. अलार्म, रिकामा डबा, न विचारणं. सांगताना त्याचं त्यालाच ते दुसऱ्या कोणाचं वाटत होतं. शेवटी म्हणाला, "ताई, मला आतून काही होतच नाही. तुझं एवढं चाललंय, मला रडू यायला हवं. येत नाही. चालायची इच्छा व्हायला हवी. होत नाही. मी वाट बघतोय."

ताईने त्याच्याकडे पाढा चुकल्यावर बघायची तसं बघितलं.

"आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या सुया टोचून घेते मी. इच्छा होते म्हणून जाते काय रे? दार उघडतं, आत जाते. मला तुझी किडनी हवी आहे, गाढवा. उत्साह नकोय. तो कुठे बसवणार आहेत माझ्यात?"

"म्हणजे तसंच चालू?"

"तसंच चाल. तोंड पाडून चाल. मला शिव्या देत चाल. आणि ते डबा खाणारं कोण आहे, त्याला आधी धर."

धरायला फार लांब जावं लागलं नाही. पंपघरात जावई बसलेला सापडला, मांडीवर रुमाल पसरून, अंडं सोलत.

"अरे, हा माझा डबा!"

"तुझा? मला वाटलं मीटरवाल्या बाईंनी ठेवलाय, जो अलार्म बंद करेल त्याच्यासाठी." जावई दुखावला. "तीन आठवडे तुझ्या वाटची तंगडतोड करतोय. आभार राहिले बाजूला! मीठसुद्धा नसतं त्यात."

"मग खाल्लास कशाला?"

"वाया कसं घालवायचं? आणि खरं सांगू? पँट सैल झालीय माझी." त्याने उठून दाखवली. खरंच झाली होती. ताईला मिळायची किडनी तीन आठवडे भलत्याच माणसात तयार होत होती.

त्या दिवसापासून जावयाने बटणाला हात लावला नाही. पण दुपारच्या चालण्याची त्याला सवय लागली होती, म्हणून तो टाक्यांच्या कोपऱ्यावर उभा राही आणि पुढचा रस्ता सोबत येई. तो सासऱ्याच्या जमिनीच्या भानगडी सांगे. ऑपरेटर ऐके, किंवा ऐकत नसे. कधी गुडघा दुखे, कधी पायात गोळा येई. मशीनमधलं पाकीट कधीकधी घेतलंही जाई, मग संध्याकाळी घरी चालत जावं लागे. त्याला बरं वाटत नव्हतं. वाईटही वाटत नव्हतं. पाय एकामागून एक पडत होते, एवढीच त्यात बातमी होती.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी काटा बघितला, रक्ताचे कागद बघितले, चष्मा काढून पुन्हा बघितले.

"बसतंय," ते म्हणाले. "जेमतेम, पण बसतंय. पुढच्या महिन्यातली तारीख देतो." मग त्यांना राहवलं नाही. "कसं जमवलंत? बाकीच्या पेशंटना सांगता येईल असं काही?"

ऑपरेटरने विचार केला. "अलार्म बंद करायला लांब जावं लागतं," तो म्हणाला. डॉक्टरांनी ते लिहून घेतलं नाही.

बाहेर आल्यावर ताई म्हणाली, "काय वाटतंय?"

"भूक लागलीय."

रुग्णालयाच्या कँटीनमध्ये दोघं काचेपुढे उभे राहिले. तळलेलं त्याला चालत नव्हतं, खारट तिला. गोड त्याला नाही, केळं तिला नाही. काउंटरवालीने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि ती दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. शेवटी एक सफरचंद घेतलं. ताईने बाकावर बसून ते पर्समधल्या छोट्या चाकूने कापलं आणि मोठी फोड स्वतःकडे ठेवली.

"अर्धं अर्धं ठरलं होतं," तो म्हणाला.

"दोनातली एक देतोयस मला, आणि फोडी मोजतोस?"

"ती पुढच्या महिन्यात. भूक आत्ता लागलीय."

"चाव मुकाट्याने," ताई म्हणाली, आणि तिने सुजलेले पाय बाकाखाली ओढून घेतले. ते त्याला दिसलं. तो तिच्याजवळ सरकून बसला आणि आपली फोड नीट, सावकाश चावून खाऊ लागला.