सदतिसाव्या तक्त्यातली शून्यं

ऑफिसात तिला तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे रकानेबाई. हे तिलाही ठाऊक होतं. गुन्ह्यांच्या आकडेवारीचं जे सरकारी पुस्तक दरवर्षी निघतं, त्यातले हिंसक गुन्ह्यांचे तक्ते गेली एकवीस वर्षं तिच्या हाताखालून जात होते. खून, खुनाचा प्रयत्न, गंभीर दुखापत, दरोडा. कुठल्या पोलीस ठाण्याचा आकडा मार्चमध्ये फुगतो आणि साहेबांची पाहणी आली की कसा आपोआप आक्रसतो, हे तिने झोपेतही सांगितलं असतं. सदतीस नंबरचा तक्ता मात्र तिने कधी धड वाचलाच नव्हता. वाचायचं काय त्यात? ‘साक्षीदारांना धमकावणे’ असं शीर्षक, खाली बावन्न ठाण्यांची नावं आणि प्रत्येकासमोर शून्य. तो तक्ता चार मिनिटांत हातावेगळा व्हायचा.

मग तिच्या ताईच्या लॉन्ड्रीसमोर चाकू चालला.

भर दुपारची गोष्ट. ताई इस्त्री करत होती. समोरच्या औषधाच्या दुकानात दोघे जण शिरले. दुकानदार पाठमोरा उभा राहून फळीवर बाटल्या लावत होता. त्यांनी त्याच्या खांद्यावर, पाठीवर तीन वार केले आणि चालत बाहेर पडले. पळाले नाहीत, याचाच ताईला जास्त राग आला. दुकानदार वाचला, पण उजवा हात कामातून गेला. वार पाठीमागून झाल्यामुळे त्याने कुणाचं तोंड पाहिलं नव्हतं. पाहिलं होतं ते ताईने आणि तिच्या शेजारच्या सलूनवाल्याने. दोघांनी जबाब दिले, दोघे हल्लेखोर पकडले गेले.

तिसऱ्या आठवड्यात, गुरुवारी, लॉन्ड्रीत एक गृहस्थ आला. नीट भांग पाडलेला, बोलायला लोण्यासारखा. त्याने काउंटरवर एक पांढरा शर्ट ठेवला.

“ताई, इस्त्री करून ठेवा. आणि डोळे तपासून घ्या एकदा. या वयात लांबचं धूसर दिसतं. चुकून भलत्याच माणसावर बोट ठेवलं जायचं.”

शर्ट कडक इस्त्रीचा होता, घडीसुद्धा मोडलेली नव्हती. पुढच्या गुरुवारी तो शर्ट घेऊन गेला आणि दुसरा, तसाच कोरा, ठेवून गेला. जाताना म्हणाला, “लेक नर्स आहे ना तुमची? बसस्टॉपवर एकटीच उभी असते.”

त्याच आठवड्यात सलूनवाल्याने जबाब फिरवला. आपण त्या वेळी गिऱ्हाइकाच्या कानामागे वस्तरा धरून होतो, मान वर केलीच नाही, असं त्याने लिहून दिलं.

ताईने धाकटीला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी दोघी बहिणी पोलीस ठाण्यात गेल्या. टेबलामागच्या हवालदाराने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“धमकी नेमकी काय दिली?”

“डोळे तपासा म्हणाला,” ताई म्हणाली.

“हा तर सल्ला झाला.”

“अहो, लेकीचा बसस्टॉप सांगितला त्याने!” रकानेबाई उसळून म्हणाली.

“मॅडम, मला कळतंय. पण वेगळा गुन्हा म्हणून मला लिहिता येत नाही.” त्याने खणातून एक मळकं पुस्तक काढलं आणि तिच्यापुढे सरकवलं. “हे बघा, नियम चौदा. ‘एका प्रकरणात अनेक गुन्हे असल्यास सर्वांत गंभीर गुन्हा तेवढाच नोंदवावा.’ चाकूहल्ला नोंदवलाय. धमकी त्याच प्रकरणातली, ती त्यातच आली. गेल्या वर्षी मी तीन धमक्या वेगळ्या लिहिल्या होत्या. तुमच्याच ऑफिसातून कागद परत आला. ‘दुहेरी नोंद, खुलासा करावा.’ तीन खुलासे लिहिले मी! खाली सही कुणाची होती, सांगू?”

सांगायची गरज नव्हती. सही तिचीच होती. इतकंच काय, नियम चौदाही तिनेच लिहिला होता, बारा वर्षांपूर्वी, एकाच भांडणाचे पाच पाच गुन्हे मोजले जाऊ नयेत म्हणून. तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं होतं.

रस्त्यात ताईने धाकटीचा हात धरून तिला थांबवलं. मग म्हणाली, “म्हणजे तूच?”

“अगं, ते दुहेरी मोजणी टाळायला होतं.”

“दुहेरीचं राहू दे. मला एकदा तरी मोजलंस का?”

रकानेबाई झपझप पुढे चालू लागली. तिला हवालदाराचा राग आला होता, त्या गुळगुळीत गृहस्थाचा आला होता, आणि सगळ्यात जास्त आला होता स्वतःच्या वळणदार अक्षरातल्या त्या एका ओळीचा.

दुसऱ्या दिवशी तिने कोर्टाकडून वर्षभरातल्या निकाली प्रकरणांची यादी मागवली आणि रुमाल कमरेला खोचून बसली. हिंसक गुन्ह्यांची चारशे अकरा प्रकरणं. त्यातल्या एकशे त्रेसष्टांत साक्षीदारांनी जबाब फिरवले होते. ते सगळे आरोपी सुटले होते. ती यादी घेऊन ती तडक संचालकांच्या केबिनमध्ये गेली.

“साक्षीदार फिरला म्हणजे त्याला धमकावलंच, असं कुठंय?” संचालक म्हणाले. “विसरला असेल.”

“एकशे त्रेसष्ट जण विसरले, साहेब?”

“हल्ली लोकांच्या लक्षात राहत नाही काही.”

“मग निदान शून्य तरी काढू या. शून्य म्हणजे घडलं नाही. आपण तर मोजलंच नाही. तिथे ‘उपलब्ध नाही’ लिहू या.”

“बावन्न ठिकाणी ‘उपलब्ध नाही’? वरचे काय म्हणतील, हे ऑफिस आहे की भंगारचं दुकान?”

“बरं, एक तळटीप घालू.”

“तळटीप वाचतं कोण?”

“कुणी वाचत नसेल तर घालायला हरकत काय आहे?”

संचालकांनी चष्मा काढून पुसला, म्हणजे बैठक संपली. रकानेबाई जागेवर आली, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा तिने कारणाच्या जागी ‘वैतागले आहे’ असं लिहून रजेचा अर्ज दिला. मग तो फाडला आणि ‘घरगुती अडचण’ असा दुसरा लिहिला.

गुरुवारी ती लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसली. अकराच्या सुमारास गृहस्थ आला. नव्या बाईला पाहून क्षणभर थबकला, मग हसला.

“आपण?”

“धाकटी बहीण. नाव सांगा, पावती करते.”

“ताईंना माहितीय.”

“मला नाही ना माहीत.”

त्याने नाव सांगितलं. तिने लिहिलं. “शर्ट मळलेला की स्वच्छ?”

“स्वच्छ.”

‘स्वच्छ, इस्त्री केलेला,’ तिने लिहिलं. “मग आणलात कशाला?”

गृहस्थाने काउंटरवर कोपर टेकलं. “शिकलेल्या दिसता. बहिणीला समजवा जरा. साक्षीच्या दिवशी बाईमाणूस आजारी पडलं तर कुणी हसत नाही. नाहीतर लेकीची बस चुकते एखाद दिवशी, मग शोधत बसावं लागतं.”

मागे ताईच्या हातातली इस्त्री थांबली. रकानेबाईने मात्र मान वर केली नाही. एकवीस वर्षं चिंचोळ्या रकान्यांत लिहून कमावलेल्या मुंगीएवढ्या अक्षरात तिने त्याचं वाक्य शब्दन् शब्द पावतीवर उतरवलं, त्यावर तारीख आणि वेळ घातली आणि पावती त्याच्यापुढे धरली.

“मागचा शर्ट नेताय ना? मिळाला म्हणून इथे सही.”

त्याने न वाचता सही ठोकली, शर्ट काखेत मारला आणि निघून गेला. तो कोपऱ्यावरून वळेपर्यंत दोघी बहिणी बघत उभ्या होत्या. मग ताईला हसू फुटलं. हसता हसता ती खाली बसली आणि रडायला लागली. धाकटीने आधी इस्त्रीचं बटण बंद केलं, मग ताईला जवळ घेतलं.

तासाभरात पावती हवालदाराच्या टेबलावर होती. त्याने ती दोनदा वाचली, उजेडात धरून पुन्हा वाचली.

“सही त्याची?”

“त्याचीच. आणि नियम चौदा काढू नका. माणूस वेगळा, जागा वेगळी, तारीख वेगळी. तो इथे लागत नाही. मी लिहिलाय, मला माहीत आहे.”

हवालदाराने पेन उघडलं. “खुलासा मागणार नाही ना?”

“मागितला तर मीच लिहून देईन.”

गृहस्थाला तिसऱ्या दिवशी उचललं, पाचव्या दिवशी तो जामिनावर सुटला. पण पुन्हा गल्लीत फिरकला नाही.

वर्षाचं पुस्तक छापून आलं. सदतिसाव्या तक्त्यात एक्कावन्न शून्यं होती आणि एक ‘एक’. सकाळी दहाला संचालकांचं बोलावणं आलं. तीन वर्तमानपत्रांनी फोन केले होते. साक्षीदारांना धमकावण्याच्या घटना वाढल्या, ही बातमी खरी का?

“शून्यावरून एक म्हणजे किती टक्के वाढ?” संचालकांनी विचारलं.

“काढता येत नाही, साहेब. शून्याने भागता येत नाही.”

“मग मी त्यांना काय सांगू? इतकी वर्षं शून्य होतं, आणि नेमकं माझ्या काळात...”

“जे होतं तेच सांगा. पूर्वी आपण मोजत नव्हतो.”

ते त्यांनी सांगितलं नाही. ‘तांत्रिक बदलामुळे वाढ दिसते’ असं सांगितलं. नियम चौदा दुरुस्त करण्याचा तिचा प्रस्ताव मात्र त्यांनी वर पाठवला. बहुधा तो वरच राहील, अशा हिशेबाने.

ताईने साक्ष दिली. वकिलाने तिला दीड तास उलटसुलट विचारलं. तिने प्रत्येक वेळी तेच सांगितलं, शेवटी शेवटी तर त्याच्यावर खेकसून. ज्याच्याकडे चाकू सापडला होता त्याला सात वर्षांची शिक्षा झाली. दुसरा संशयाचा फायदा मिळून सुटला, एकाच साक्षीदाराच्या शब्दापलीकडे त्याच्याविरुद्ध काही नव्हतं म्हणून. ताईने कोर्टाच्या पायऱ्यांवरच त्या सलूनवाल्याचा उद्धार केला. लेक आता दोन मैत्रिणींबरोबर कामाला जाते, आणि हा बंदोबस्त तिला मुळीच पसंत नाही.

निकालानंतर आठवड्याने सलूनवाला लॉन्ड्रीत आला. रकानेबाई तिथेच होती. तो बराच वेळ काउंटरची कड अंगठ्याने घासत राहिला.

“माझ्याकडे रोज यायचा,” तो म्हणाला. “दाढीला. वस्तरा माझ्या हातात असायचा, आणि तरी घाम मलाच फुटायचा.”

“मग लिहून का नाही दिलंत?” रकानेबाईचा आवाज चढला.

“आता निकाल लागला. आता काय उपयोग?”

ती आणखी पुष्कळ बोलणार होती. तेवढ्यात ताईने काउंटरवर तीन कप चहा आणून ठेवला आणि धाकटीला डोळ्यांनीच दटावलं. सलूनवाल्याने चहा संपवला. मग धमकीची तक्रार लिहायला एक कागद मागून घेतला आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर अर्धा तास मान खाली घालून लिहीत बसला. त्याचं अक्षर गिचमिड होतं आणि शुद्धलेखनाच्या नावाने आनंद. रकानेबाईने कागद वरपासून खालपर्यंत वाचला. वेलांटीसुद्धा बदलली नाही.