तिसऱ्या वायरीवरचं कुंकू

कृष्णकांतकाका आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतात. त्यांच्या जुन्या फियाटच्या आरटीओतल्या पासिंगचा आदला दिवस होता. नापास झाली तर ती भंगारात द्यायची, हे त्यांच्या मुलीनं, वल्लरीनं, पुण्याहून फोनवर ठरवून टाकलं होतं. काकांनी फक्त ‘बरं’ म्हटलं आणि जेवले नाहीत. गाडीला सिलिंडर चार, चालायची तीनवर. उरलेला एक रिटायर झाल्यासारखा नुसता सोबत असायचा.

मी कॉलेजच्या लॅबमध्ये असिस्टंट आहे. तिथला, विजेची लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप मी ‘दुरुस्तीसाठी नेत आहे’ असं रजिस्टरमध्ये लिहून आमच्या खांदा कॉलनीत आणला. खोटं नव्हतं. दुरुस्ती कुणाची ते लिहायला रकाना नव्हता.

"हे काय रे शैलेश, ईसीजी?"

"तसंच. फक्त शर्टाऐवजी बॉनेट उघडायचं."

काका हसले नाहीत. जानेवारीत त्यांनी अरुंधतीकाकूंचा ईसीजी पाहिला होता, शेवटपर्यंत. हे मला विनोद संपल्यावर आठवलं.

कॉइलच्या जाड वायरीला चिमटा लावला. काकांनी स्टार्टर मारला, गाडी थरथरत सुरू झाली. पडद्यावर चार उभ्या रेषा आल्या, एकेका प्लगच्या ठिणगीची एकेक. तीन उंच, एक बुटकी. मोजून पाहिलं तर ती तिसऱ्या सिलिंडरची.

"वीज प्लगपर्यंत पोचत नाहीये काका. वाटेत कुठेतरी सांडतेय."

"प्लग नवा आहे. कॉइल नवी. तीन मेकॅनिक झाले."

चारही प्लगना वीज वाटणारी काळी टोपी असते, तिच्यावर मी ठिणगी दिसावी म्हणून हातानं आडोसा केला. तिसऱ्या वायरीच्या बुडाशी तेलकट लाल ठिपका होता, त्यावर वर्षभराची धूळ. त्यातून निळी ठिणगी हळूच बाजूला पळत होती.

काकांनी वाकून पाहिलं. "दसऱ्याला कुंकू लावायची ती. चाकाला सगळेच लावतात. म्हणायची, खरं काम आतला करतो, त्याला नको? तेलात कालवायची, टिकावं म्हणून."

टिकलं होतं. तिन्ही मेकॅनिकनी अख्खी गाडी खोलली, पण देवाच्या कुंकवाला कुणी हात लावला नाही. एकानं तर नमस्कारही केला होता म्हणे.

"नवी टोपी?"

"मागवली तर चार दिवस."

"आणि हे?"

"पेट्रोलनं पुसावं लागेल."

"तिच्या हातचं शेवटचं आहे."

मी विनोद शोधला. नव्हता. "फोटो काढून ठेवू?" असं मात्र म्हणालो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मोबाइल परत खिशात घातला.

काकांनी इंजिन बंद केलं, रुमाल पेट्रोलमध्ये बुडवला. ठिपका बोटाएवढा, पुसायला दहा मिनिटं घेतली. मग रुमालाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली. पेट्रोल गळत होतं.

पुन्हा स्टार्टर. चारही रेषा एका उंचीच्या. गाडी इतकी गप्प चालली की बंद पडली की काय असं वाटलं.

"पास होणार काका!"

ते बाजूच्या सीटकडे बघत होते.

"जानेवारीपासून ही सीट थरथरायची," ते म्हणाले. "कुणी बसलंय असं वाटायचं."

आता ती नुसती सीट होती. त्यांनी चावी काढून माझ्या हातात दिली.

"उद्या तूच ने पासिंगला."

"काका, मला गाडी येत नाही चालवता."

त्यांनी बराच वेळ विचार केला आणि चावी परत घेतली.

"मग बाजूला बसायला ये. सात वाजता."