अर्धा मिलिमीटर

पितळेचा तो तुकडा कोटाच्या उजव्या खिशात होता आणि बोट त्याच्या खाचेवरून पुन्हा पुन्हा फिरत होतं — काड्यापेटीपेक्षाही लहान, एका कडेने चाकांच्या मध्ये बसणारा, दुसऱ्या कडेने रुळांवर. वीस वर्षं खिशात राहून काळपट पडलेला, पण खाचा अजून तशाच नेमक्या. एकवीस मिलिमीटरचं माप. मॅलकीला ते न बघता कळायचं, बाकीच्यांना आपलं नाक कळतं तसं.

आयर्लंडचे रूळ शेजारच्या इंग्रजांच्या रुळांपेक्षा साडेसहा इंच रुंद, हे बिर गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण खेळातल्या रुळांचं तसं नव्हतं. दुकानात मिळायचे ते इंग्रजी मापाचे, साडेसोळा मिलिमीटरचे, आणि गावच्या मॉडेल रेल्वे क्लबातले सगळे निमूटपणे त्यांच्यावर आपल्या आयरिश गाड्या पळवायचे. जणू अंगावर आखूड झालेला सदरा, पण कोण बघतंय? मॅलकी बघायचा. त्याचं किलकोरन स्टेशन, आज क्लबाच्या प्रदर्शनासाठी चर्चच्या हॉलमध्ये चार टेबलं जोडून मांडलेलं, खऱ्या आयरिश मापाचं, एकवीसचं होतं. एकेक स्लीपर हाताने कापलेला, एकेक रूळ हाताने बसवलेला. चौतीस वर्षं शाळेत तांत्रिक चित्रकला शिकवलेल्या माणसाकडून दुसरी काय अपेक्षा करणार... असं लोक म्हणत आणि ते म्हणतात हे त्याला आवडत असे.

"मॅलकी, दोन मिनिटं आहेत का रे?"

डिंफना. क्लबातल्या फिन्टनची बायको — फिन्टनची विधवा, मनातल्या मनात त्याने दुरुस्ती केली आणि दुरुस्ती केल्याची त्याला लाज वाटली. मार्चमध्ये कबरस्तानात तिचा हात हातात घेऊन सगळे म्हणतात तेच दोन शब्द तो बोलला होता, आणि मग रांगेतल्या पुढच्या माणसासाठी बाजूला झाला होता, जरा घाईनेच.

"अगं ये ना! चहा घेतलास?"

"सकाळपासून तेवढंच तर करतेय. या गावात विधवा दिसली की आधी किटली चढवतात." तिने बगलेतला बिस्किटांचा पत्र्याचा डबा टेबलाच्या कडेवर ठेवला, झाकण काढलं, कापूस बाजूला केला. "हे बघ. त्याचं शेवटचं."

हिरवं वाफेचं इंजिन. बाजूला जुन्या रेल्वेची ती खूण, जिला सगळे उडती गोगलगाय म्हणत. मॅलकीने ते लगेच ओळखलं, आणि ओळखलं तशी मानेपासून कानापर्यंत एक धग चढत गेली.

दोन वर्षांपूर्वी, याच हॉलमध्ये, त्या खिडकीखालच्या टेबलावर फिन्टन हे इंजिन चालवत होता. मूळ इंग्रजी कंपनीचं, फिन्टनने घरी रंगवलेलं, साडेसोळाच्या रुळांवर. वीस-पंचवीस माणसं सभोवती. आणि मॅलकीने — का? कुणी विचारलं होतं? — खिशातून पितळी माप काढलं, इंजिन उचललं, उलटं केलं, आणि सगळ्यांना दिसेल असं माप चाकांमध्ये घालायचा प्रयत्न केला. ते शिरलंच नाही. "इंग्रजाला हिरवा कोट चढवला म्हणून तो काही आयरिश होत नाही, फिन्टन." लोक हसले. फिन्टन सगळ्यांत मोठ्याने हसला, थरथरत्या हाताने इंजिन परत घेताना. पुढच्या महिन्यापासून तो क्लबात यायचा बंद झाला. हात चालत नाहीत म्हणाला. कारण खरंच होतं, आजार खरा होता. मॅलकीने ते कारण दोन्ही हातांनी झेलून घेतलं होतं.

"एकदा तुझ्या किलकोरनवर चालवायचं होतं त्याला," डिंफना म्हणत होती. "तुला विचारीन विचारीन म्हणायचा. पण तुला माहीतच आहे तो कसा होता."

"अगं, पण हे माझ्या रुळांवर नाही बसायचं, याची चाकं —"

बोलता बोलता त्याने इंजिन उलटं केलं. चाकं नवी होती. आस नवे होते. खालचा सांगाडा कापून रुंद केलेला, सांधलेला, कानशीने घासलेला. माप खिशातून केव्हा बाहेर आलं ते त्याला कळलं नाही. ते चाकांच्या मध्ये अलगद गेलं आणि बसलं. पहिल्या जोडीत. दुसऱ्या जोडीत. तिसऱ्या.

"वर्षभर जेवणाच्या टेबलावर बसायचा," ती म्हणाली. "हात असे —" तिने आपला हात हवेत धरून हलवून दाखवला. "एकेका चाकाला आठवडा. बटाटे झाकणीखाली थंड व्हायचे. मी म्हणायची, अरे सोड ना आता. तर म्हणतो कसा — नाही, मास्तर तपासणार आहे."

मास्तर तपासणार आहे... चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं. पण डिंफना हसत होती, म्हणजे तोही हसतच म्हणाला असणार.

त्याने इंजिन रुळांवर ठेवलं, मागे तीन डबे जोडले. ते निघालं. आवाज न करता, बोगद्यातून, पुलावरून. डिंफनाने दोन्ही हात छातीशी धरले होते. स्टेशनात शिरताना पहिला सांधा लागतो. तिथे रूळ फुटून दोन वाटा होतात. तिथे इंजिन एकदम उडालं आणि आडवं झालं.

होतं असं. मॅलकीने ते पुन्हा रुळांवर बसवलं, मागे नेलं, सोडलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदा त्याने बोट लावून ते सांध्यावरून ढकललं.

"मास्तर, आकाशातला हात!" पलीकडून डिक्लन ओरडला. डिक्लन त्याचा जुना विद्यार्थी, आता चाळिशीचा, क्लबाचा चिटणीस. "गाडीला बोट लावलं की आम्हाला दंड करता! स्वतः वापरता होय?"

लोक हसले. डिंफना हसली नाही.

तो सांधा... सांध्याचं काय ते मॅलकीला ठाऊक होतं. एकट्या मॅलकीला. अकरा वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत त्याने तो बसवला, आणि गोंद वाळल्यावर माप ठेवून पाहिलं तर माप बसेना. अर्धा मिलिमीटर कमी. उखडायचा म्हणजे सबंध स्टेशन उखडायचं — फलाट, सिग्नल, मेंढ्यांचा वाडा, सगळं. मग त्याने एक सोपी गोष्ट केली. आपल्या इंजिनांची चाकं केसभर आत दाबली. एका इंजिनाची, मग दुसऱ्याची, नवं येईल त्याची. अकरा इंजिनं, एका सांध्याच्या चुकीसाठी वाकवलेली. ती सगळी सुरळीत धावत. कुणी विचारलं नाही, कारण किलकोरनचं माप तपासायचं कुणाच्या डोक्यात येणार? माप तर मॅलकीच्या खिशात. आणि दोन वर्षांपूर्वी तेच माप फिन्टनच्या चाकांना लावताना — हे आठवलं होतं का मला तेव्हा? नव्हतं आठवलं, असं म्हणता आलं तर किती बरं होईल. आठवलं होतं. अगदी त्या क्षणी, माप हातात असताना, मनाच्या एका कोपऱ्यातून तो सांधा डोकावून गेला होता, आणि बहुधा त्यामुळेच आवाज इतका मोठा लागला. कुसळ आणि मुसळ... लहानपणापासून दर वर्षी याच चर्चमध्ये ऐकलेलं, आणि दर वर्षी ते ऐकताना त्याच्या डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी आलेलं.

"काय झालंय रे त्याला?" डिंफनाने हळू विचारलं.

"तसं काही नाही... चाकं जरा —"

तोंडातून गेलं. थांबवायच्या आत गेलं. वाक्य अर्धंच होतं, पण तिला तेवढं पुरलं. तिने मान हलवली.

"त्याला वाटतच होतं, काहीतरी राहिलंय म्हणून. हात ऐकायचेच नाहीत ना." तिने डबा पुढे ओढला, कापूस सारखा करू लागली. "माफ कर हं, मॅलकी. तुझी एवढी माणसं खोळंबलीत आणि मी मेली हे घेऊन आले. घरी कपाटात छान दिसेल."

माफ कर. ती म्हणत होती माफ कर. तिने इंजिनाकडे हात नेला आणि मॅलकीला दिसलं की हे इंजिन आता कपाटात जाणार, काचेआड, आणि ती येणाऱ्याजाणाऱ्याला प्रेमाने सांगणार — फिन्टनने केलं, फार खपला, पण शेवटी नाही जमलं बिचाऱ्याला. आणि हे मॅलकी मास्तरने तपासून सांगितलेलं असणार. ही एक गोष्ट तो होऊ देऊ शकत होता. काही करायचं नव्हतं त्यासाठी. नुसतं गप्प उभं राहायचं होतं.

"थांब," तो म्हणाला. "हे धर."

त्याने माप तिच्या तळहातावर ठेवलं. आजवर ते त्याने कुणाच्या हाती दिलं नव्हतं. "चाकांच्या मध्ये घालून बघ."

तिने जपून घातलं. "बसलं."

"आता इथे. दुसरी कड. रुळांवर, या सांध्यावर ठेव."

ती वाकली. पलीकडे डिक्लन बोलता बोलता थांबला होता. तिने माप ठेवलं, जरा दाबलं, उचललं, पुन्हा ठेवलं. मॅलकीला वाटत होतं, झालं, आता आपल्याला बोलावं लागणार नाही, पितळ बोलेल. आकडा आहे, आकड्याला कुणाची भीड नसते. किती हुशारीने सोडवलं आपण, असाही एक विचार येऊन गेला, आणि त्याच्यामागोमाग त्या विचाराची किळस.

डिंफनाने मान वर केली. चेहरा ओशाळलेला.

"बसत नाही रे. मी उलटं धरलंय का?"

चौतीस वर्षं त्याने हा चेहरा पाहिला होता, बाकाबाकावर, वहीवर त्याची पट्टी पडायच्या आधीच चूक कबूल करून बसलेला. त्या खिडकीखाली, हसणाऱ्या माणसांच्या मध्ये, तो फिन्टनचाही होता. आणि प्रत्येक वेळी तो बघताना आपल्याला आत कुठेतरी बरं वाटायचं, हे त्याला आज, बासष्ट माणसांच्या हॉलमध्ये, चहाच्या वासात, पहिल्यांदा स्वच्छ कळलं.

"नाही," तो म्हणाला. "तू बरोबर धरलंयस."

ती तशीच वाकून उभी राहिली, माप सांध्यावर, पुढचं ऐकायला.