हिरव्या दोऱ्याची डबी

माझी सून सऊले कझाकस्तानातल्या कारागांदा शहरात घरीच केक करून विकते. तिच्या दोन प्रिंटरांत शाई भरणे हे या निवृत्त शिक्षकाचे काम. खिडकीपाशी असलेला प्रिंटर साखरेच्या कागदावर केकसाठी चित्रे छापतो. त्याची शाई खाण्याजोगी. कपाटापाशी असलेला लोकांची छायाचित्रे छापतो. त्याची शाई जिभेला लावण्याचीही नव्हे. दोन्ही यंत्रे एकाच बनावटीची.

"अता, कपाटाजवळच्याला नळ्या लावू या ना," सऊले वर्षभर म्हणत होती. अता म्हणजे आजोबा; वडीलधाऱ्याला आमच्याकडे असेच हाक मारतात. "बाहेर बाटल्या ठेवायच्या, शाई आपोआप आत जाते."

"प्रिंटर आहे की सलाईन लावलेला रोगी? आपल्या शाई भरायच्या डब्याच बऱ्या. काढाव्यात, धुवाव्यात, पुन्हा बसवाव्यात."

माझ्या वयाचा मान राखून ती विषय सोडून देई.

काल मी दोन्ही प्रिंटरांच्या आठही डब्या धुऊन एकाच पंच्यावर वाळत घातल्या. मग ज्या-त्या डबीत तिची शाई भरून त्या पुन्हा बसवल्या. आज शेजारच्या इमारतीतील कुल्याशच्या नातीसाठी केक गेला. एका वर्षाची झिबेक पहिली पावले टाकू लागली होती. आमच्या रीतीप्रमाणे, बाळाने पुढे न अडखळता चालावे म्हणून तिच्या पायांना बांधलेली दोरी कापण्याचा आज सोहळा होता. केकवर तिचेच गुलाबी गालांचे छायाचित्र होते.

तासाभराने कपाटाजवळचा प्रिंटर उघडला. गुलाबी शाईच्या डबीला हिरवा दोरा होता. खाण्याच्या डब्यांना ओळख म्हणून सऊलेने तो बांधला होता. मग तिकडच्या प्रिंटरमध्ये कोणती गुलाबी शाई होती?

"सऊले, फोन लाव!"

तिने तीनदा लावला. तिकडे दोंब्रा, आमचे दोन तारांचे वाद्य, वाजत असावा; कोणी उचलेना. आम्ही बर्फावरून धावलो. त्या चिमुकल्या जिवाला काही झाले तर, एवढाच विचार मनात होता.

दार उघडताच कुल्याश हसली. "या, अता! सर्वांत वडील तुम्ही, पहिला तुकडा तुमचा."

तिने सुरी माझ्या हाती दिली. लेकराच्या चेहऱ्यावर सुरी चालवणे अशुभ, एवढे म्हणून चित्र उचलून घेता आले असते. सऊलेची अब्रूही राहिली असती. शब्द ओठांवर आलेही. तेवढ्यात आईच्या मांडीवर बसलेल्या झिबेकने बोट तोंडातून काढले. बोट गुलाबी होते.

"केक कोणी खाऊ नका," मी म्हणालो. "यात छायाचित्रांची शाई आहे. चूक माझी, सऊलेला बोल लावू नका."

दोंब्रा थांबला. कुल्याशने बाळाचे तोंड पुसले, सऊलेने डॉक्टरांना फोन लावला. एवढीशी शाई बाधत नाही, पाणी पाजा आणि दिवसभर लक्ष ठेवा, असे त्यांनी सांगितले.

"अता, तुम्हीच पांढरे फटक पडलात, बसा आधी," कुल्याश म्हणाली. "माझ्या थोरल्याने शाळेत असताना अख्खी दौत प्यायली होती. आज बँकेत साहेब आहे! पण केक दुसरा द्याल हो, आणि फुकट!"

सगळे हसले. मला हसू आले नाही. संध्याकाळपर्यंत मी झिबेकच्या उशाशी बसून तिच्या श्वासाकडे पाहत राहिलो. घ्यायला आलेल्या सऊलेला जिन्यात म्हणालो, "पोरी, कपाटाजवळच्याला उद्याच नळ्या लाव. जे यंत्रातून निघतच नाही, ते माझ्या हातून दुसरीकडे जाणार नाही."

"आणि खिडकीपाशचा?"

"त्याच्या डब्या राहू देत," मी म्हणालो. "त्या तू धूत जा."