उबदार चादरींवरची बाहुली

बाहुली घरात आली आणि आपल्या मुलाचं वागणं लाँड्रीच्या मालकीणबाईंच्या डोळ्यांत खुपायला लागलं. ती रडली की हा घड्याळाकडे बघत तिला उचलायचा, थोपटायचा, परत पाळण्यात टाकायचा. तोंडातून शब्द नाही. जसं काही गिऱ्हाइकाचं गाठोडंच!

"अरे, दोन शब्द बोल की तिच्याशी."

"आई, यंत्र बोलणं मोजत नाही. वेळेवर उचललं की झालं."

मूल हवं तर आधी परवाना, असा कायदाच होता. त्यासाठी सरकारी बाहुली महिनाभर सांभाळून दाखवायची. कधी रडली, कधी उचललं, ते तिच्या पोटातलं यंत्र टिपून ठेवायचं. नवराबायकोखेरीज तिसऱ्याचा हात लागला की परीक्षा बाद. म्हणून मालकीणबाई लाँड्रीमागच्या आपल्या खोलीत पडून भिंतीपलीकडचं रडणं नुसतं ऐकायच्या. नवरा गेल्यापासून त्या खोलीत दुसरा आवाज कसला तो नव्हता. हात शिवशिवले की उशी थोपटायच्या.

सून मात्र बाहुलीशी अखंड बडबडायची. एका दुपारी बाहुली काही केल्या गप्प होईना, तेव्हा तिनं तिला नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरींच्या ढिगावर निजवलं. नवरा तान्हेपणी असाच झोपायचा, हे सासूकडूनच तिनं ऐकलेलं. बाहुली गप्प झाली.

"आई, बघा ना, झोपली!" सून हरखून कुजबुजली.

झोपली कसली! उष्णतेनं यंत्र बंद पडलं होतं.

तपासणीला आलेल्या बाईंनी उभ्याउभ्याच मुलाला निकाल सांगितला. "यंत्रानं बाळ दगावल्याची नोंद केलीय. तुम्ही पास. तुमच्या मिसेस कायमच्या नापास. दुसरी जोडीदार असेल तर तुम्हाला परवाना मिळू शकतो."

त्या दिवसापासून मुलानं बायकोशी अबोला धरला. सून कॉलरी घासत बसायची, आधीच स्वच्छ झालेल्यासुद्धा. आणि एका सकाळी त्यानं तिची बॅग भरून दुकानाच्या पायरीवर आणून ठेवली.

"आई, माझं वय चाललंय. तुलाही नातवंड हवंच आहे ना?"

हवंच होतं. मुलाला दुखावलं तर तो जाणार, आणि त्याच्याबरोबर पुढचं सगळंच. सून मान खाली घालून उभी होती, ओल्या हातांनी. मालकीणबाईंनी बॅग उचलली, आत नेऊन सुनेच्या खाटेवर आपटली आणि परत आल्या.

"नातवंडासाठी जीव तुटतो माझा. पण खरं बाळ असतं ना, तर त्या चादरींवर घोरलं असतं. तू घोरायचास. हिच्या हातून माया करताना चूक झाली, आणि तू बायकोला मळक्या कपड्यासारखं पायरीवर टाकलंस. सरकारला तू बाप म्हणून चालत असशील, मला मुलगा म्हणून चालत नाहीस. ही इथंच राहील. तू नीघ."